वाचक विचारतात: मुलं, मालिका आणि मनाला लागणारी दृश्यं

परीक्षा संपल्या की मुलांच्या हातात रिमोट आणि मोबाइल दोन्ही येतात, आणि या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. आत्महत्या, खून, लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण असे विषय असलेल्या मालिका मुलं बघतात, त्यांना थांबवायचं की बघू द्यायचं, असं विचारणारी पत्रं या वेळी सर्वांत जास्त आहेत. त्यांतली काही इथे घेतली आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मुलगा नववीत आहे. वर्गातल्या सगळ्यांनी ‘अ‍ॅडोलसन्स’ बघितली, म्हणून त्यालाही बघायची आहे. तेरा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या मुलीचा खून केला, असा तिचा विषय आहे एवढंच मला कळलं. नाही म्हटलं तर मित्राकडे जाऊन बघेल. काय करू? (आई, ठाणे)

आधी तुम्ही एकट्याने बघा. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही ब्रिटिश मालिका चारच भागांची आहे आणि एकेक भाग साधारण तासाभराचा आहे. प्रत्येक भाग कॅमेरा मध्ये कुठेही न थांबवता सलग चित्रित केला आहे. त्यामुळे दृश्य बदलून मिळणारी उसंत बघणाऱ्याला मिळत नाही, मोठ्या माणसांचाही श्वास अडकतो. ती उसंत तुम्हाला पॉजचं बटण दाबून द्यावी लागेल.

मालिकेत रक्तपात फारसा दिसत नाही. जड जातं ते वेगळंच. पहिल्या भागात पहाटे पोलीस दार फोडून घरात शिरतात आणि घाबरलेल्या मुलाला उचलून नेतात. भागाच्या शेवटी त्याच्या बापाला सीसीटीव्हीचं चित्रण दाखवलं जातं. तिसरा भाग सर्वांत अवघड आहे. जवळजवळ सगळा भाग एकाच खोलीत घडतो, समोर मानसशास्त्रज्ञ बाई, आणि मुलगा क्षणात लाघवी, क्षणात अंगावर धावून जाणारा. आमचा सल्ला असा की दिवसाला एकच भाग बघा आणि तिसऱ्याच्या आधी व नंतर एकेक दिवस मोकळा सोडा. वेळ दुपारची किंवा संध्याकाळची ठेवा. रात्री जेवणं उरकून साडेदहाला बसलात, तर भाग संपेस्तोवर झोपेची वेळ टळून गेलेली असते आणि बोलणं राहून जातं.

बसताना समोरासमोर नको, शेजारी बसा. दिवा चालू असू द्या. रिमोट मुलाच्या हातात द्या आणि आधीच सांगा, ‘तुला वाटेल तेव्हा थांबव, का थांबवलंस ते मी विचारणार नाही.’ ही एक गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते. चौदा वर्षांचा मुलगा ‘मला भीती वाटते’ असं आईला सहसा म्हणत नाही, पण बटण दाबतो.

भाग संपल्यावर पहिली दहा मिनिटं काही विचारू नका. चहा टाका, भांडी आवरा. मग प्रश्न पात्राबद्दल विचारा, मुलाबद्दल नको. ‘त्याच्या बापाला काय वाटलं असेल रे?’ हे चालतं. ‘तूही मोबाइलवर असलंच काही करत नाहीस ना?’ असं विचारलंत की संवाद तिथेच मिटतो. इथेच बहुतेक घरांत गाडी घसरते: मालिका संपते न संपते तोच मोबाइलवरचं व्याख्यान सुरू होतं आणि पुढचा भाग मुलगा मित्राकडे बघतो.

दुसऱ्या भागात एक उत्तम जागा आहे. इन्स्टाग्रामवरच्या इमोजींचा खरा अर्थ तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला कळत नाही, तो त्याचा शाळकरी मुलगा समजावून सांगतो. तिथे थांबा आणि मुलाला विचारा, ‘तुमच्या ग्रुपवर कशाचा काय अर्थ होतो, मला सांगशील?’ त्याला शिक्षक होऊ द्या. ऐकताना धक्का बसला तरी चेहरा शक्य तितका शांत ठेवा.

तिसऱ्या भागाआधी एक विषय तुमच्या मनात तयार हवा. मालिकेतल्या मुलीचा उघडा फोटो एका मुलाने पसरवलेला असतो, हे त्या भागात कळतं. ‘असा फोटो तुझ्यापर्यंत आला तर पुढे पाठवायचा नाही, आणि मला सांगितलंस तर मी तुझ्यावर ओरडणार नाही,’ हे वाक्य बोलायला हीच वेळ योग्य. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीचं असं चित्र जवळ बाळगणं किंवा पुढे पाठवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, हेही त्याच ओघात सांगून टाका.

ब्रिटनमध्ये ही मालिका माध्यमिक शाळांना मोफत दाखवता यावी अशी सोय झाली, त्यामुळे ‘शाळेत दाखवतात, मग घरी का नाही?’ असं मुलं म्हणतील. उत्तर सरळ आहे: शाळेत दाखवताना शेजारी शिक्षक असतात आणि नंतर चर्चा होते. घरीही तसंच करू.

पंधरा वर्षांच्या मुलीने ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरची मालिका रात्री जागून एकटीने पाहिली. आम्हाला नंतर कळलं. ती आता गप्प गप्प असते. विषय काढला तर तिच्या डोक्यात नको ते भरेल, अशी बायकोला भीती वाटते. (वडील, नाशिक)

विषय काढल्याने डोक्यात काही भरत नाही. आत्महत्येबद्दल थेट, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मनात तसं काही असलंच तर ते बाहेर यायला वाट मिळते. तेव्हा विचारा, आणि आडून विचारू नका: ‘त्या मालिकेतल्या मुलीसारखं, जगू नये असं तुला कधी वाटलंय का?’ उत्तर ‘नाही’ असलं तरी ‘कधी वाटलंच तर कितीही वाजता मला उठव’ एवढं सांगून ठेवा.

या मालिकेबद्दल तुम्हाला माहीत असावं असं बरंच आहे. मार्च २०१७ मध्ये तिचा पहिला सीझन आला. त्याच्या शेवटच्या भागात आत्महत्येचं सविस्तर दृश्य होतं. मानसिक आरोग्य क्षेत्रातून जगभर टीका झाली. न्यूझीलंडने तिच्यासाठी वेगळा वर्गच केला: अठरा वर्षांखालच्यांनी पालकांसोबतच बघावी. जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने ते दृश्य काढून टाकलं. मालिका आल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्या वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं. पुढे त्याच आकड्यांचं फेरविश्लेषण करणाऱ्यांनी त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. त्यामुळे ‘मालिका पाहिली म्हणजे मुलगी धोक्यात’ असं समीकरण मांडू नका. जे मूल आधीच खचलेलं आहे, त्याच्या बाबतीत मात्र जास्त सावध राहायला हवं.

मुलीशी बोलताना मालिकेची मांडणी तिच्यासोबत उलगडा. चार गोष्टी तिथे खऱ्या आयुष्यापेक्षा वेगळ्या आहेत. मेलेली मुलगी मरण्याआधी भरून ठेवलेल्या कॅसेटमधून शेवटपर्यंत बोलत राहते, सगळ्यांचे चेहरे पडलेले जणू बघत असते. प्रत्यक्षात गेलेलं माणूस काहीही बघत नाही, कुणाला धडा शिकवल्याचं समाधान त्याला मिळत नाही. दुसरं, कॅसेटची एकेक बाजू एकेका माणसाला दोषी ठरवते. खरं तर अशा निर्णयामागे एकच कारण किंवा एकच माणूस क्वचित असतो, आणि बऱ्याचदा नैराश्यासारखा बरा होणारा आजार असतो. मालिकेत त्या आजाराचं नावही नीटसं निघत नाही. तिसरं, शाळेतला समुपदेशक तिला निराश करतो. आम्हाला सर्वांत जास्त खटकतं ते हेच, कारण मदत मागून उपयोग नसतो असा धडा त्यातून मुलं घेतात. मुलीला सांगा की एकाने नीट ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, आणि दुसरं माणूस शोधायला आम्ही तुझ्यासोबत येऊ. चौथं, ती वेळ टळली आणि पुढे आयुष्य सावरलं, अशी माणसं असंख्य आहेत. पहिल्या सीझनमध्ये त्यांना जागा नाही.

एक-दोन रात्री झोप न लागणं, चिडचिड, सारखं त्याच विषयावर बोलणं हे चालण्यासारखं आहे. गप्पपणा दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, जेवण-झोप बिघडली, मैत्रिणी तुटल्या, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. काही गोष्टींसाठी मात्र दोन आठवडे थांबायचं नाही: ‘मी नसले तर बरं होईल’ असं बोलणं, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, अंगावर कापल्याच्या खुणा, तेच एक दृश्य पुन्हा पुन्हा बघणं, मोबाइलवर मरण्याचे मार्ग शोधणं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, तोवर तिला एकटं ठेवू नका आणि घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात टाका. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथे आईवडीलही फोन करू शकतात. ‘मुलीशी कसं बोलू?’ एवढंच विचारायलासुद्धा करा.

आमचं घर वन बीएचके. सासूबाई संध्याकाळी सातपासून मालिका लावतात. विषप्रयोग, अपहरण, सुनेला मारहाण, सगळं मुलांसमोर. त्यांना टीव्ही बंद करा म्हणणं शक्य नाही. मुलगी बारा वर्षांची आहे. (आई, डोंबिवली)

बंद करायला सांगूही नका. दिवसभराची त्यांची तेवढीच करमणूक असते, आणि त्यावरून वाद झाला तर मुलीला मालिकेपेक्षा तो वाद जास्त लागेल. वेबसिरीजवर वयाचा शिक्का असतो, तसा रोजच्या मालिकांवर नसतो. त्यामुळे पारख घरातच करावी लागते.

जाहिरातींचा वेळ वापरा. वाहिन्यांना तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवायची मुभा आहे. त्या वेळात आवाज बंद करायचा आणि एक वाक्य बोलायचं. एकच. ‘हिला नवऱ्याने मारलं आणि सगळे हिलाच सहन कर म्हणतायत. तू असतीस तर काय केलं असतंस गं?’ आजींनाही विचारा: ‘आई, तुमच्या वेळी असं कुणाच्या घरी व्हायचं तर कोण मध्ये पडायचं?’ सासूबाई बोलत्या झाल्या तर मुलीला तुमच्या उपदेशापेक्षा त्यांचं बोलणं मोलाचं वाटेल.

हिंसा बघून भीती वाटते, ही अर्धीच बाजू झाली. रोजच्या मालिकांचा जास्त खोल परिणाम म्हणजे अत्याचार नेहमीचा वाटायला लागतो. नायकाने पाठलाग करून मुलगी ‘मिळवली’, सुनेने सगळं गिळून घर ‘जिंकलं’, हे महिनोन्‌महिने बघितलं की तेच प्रेम आणि तोच चांगुलपणा वाटू लागतो. म्हणून मारामारीच्या प्रसंगापेक्षा अशा गोड प्रसंगांवर जास्त बोला. एखादा भाग फारच भडक वाटला तर मनोरंजन वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी बीसीसीसी ही परिषद २०११ पासून आहे. तक्रारीत वाहिनी, मालिका, तारीख, वेळ आणि नेमकं दृश्य लिहा.

मोबाइल आणि टीव्हीवर लॉक लावला, तरी मुलगा सगळं बघतो. हे लॉक चालतात तरी का? (वडील, कोल्हापूर)

चालतात, पण अर्धवट लावले जातात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरच्या मालिकांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे वर्ग द्यावे लागतात, आणि १३+ पासून वरच्या मजकुराला पालकांच्या लॉकची सोय द्यावी लागते. सुरुवातीला पडद्यावर शिक्क्याशेजारी हिंसा, नशा, आत्महत्या असा विषयाचा उल्लेख येतो, तो वाचायची सवय लावा. वयाच्या आकड्यापेक्षा तो जास्त कामाचा.

नेटफ्लिक्सवर हे काम टीव्हीवरून करत बसू नका, ब्राउझरमध्ये खातं उघडा. मुलाच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा घाला, एखादी ठरावीक मालिका नावाने बंद करायची असेल तर तीही तिथेच होते. मग बहुतेक जण विसरतात ती पायरी: तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला चार आकडी पिन लावा. तो नसेल तर मुलगा तुमच्या नावावर टिचकी मारतो आणि बाकीचं सगळं वाया जातं. नवं प्रोफाइल उघडायलाही पिन लागेल अशी सोय आहे, ती चालू करा. पिन म्हणून त्याचा जन्मदिवस ठेवू नका. पुढचा भाग आपोआप सुरू होणंही बंद करा. रात्र जागून एका बैठकीत सीझन संपतो तो त्यामुळेच.

प्राइम व्हिडिओवर बंधनं कोणकोणत्या उपकरणांना लागू करायची ते निवडावं लागतं. टीव्हीवर लॉक आणि मोबाइल मोकळा, असं तिथेच होतं.

एवढं करूनही यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर त्या मालिकांचे तुकडे येतच राहतात. आम्हाला पूर्ण मालिकेपेक्षा त्या तुकड्यांची काळजी जास्त वाटते. सर्वांत भीषण मिनिट तेवढं कापलेलं, वर दुःखी गाणं लावलेलं, आणि आधी-नंतरची गोष्ट गायब. मुलगा तुकडे बघतोच आहे असं दिसलं, तर कधी कधी शेजारी बसून पूर्ण भाग बघणं बरं.

मालिकेत काका पुतणीशी नको तसं वागतो असं दृश्य आलं आणि चौदा वर्षांची मुलगी उठून आत गेली. विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते. माझ्या पोटात गोळा आला आहे. (आई)

तिच्या उठून जाण्याला अनेक कारणं असू शकतात. आईवडिलांसमोर असं दृश्य बघायची लाज वाटणं हे त्यांतलं सर्वांत साधं. निष्कर्ष काढू नका, पण सोडूनही देऊ नका. ती आणि तुम्ही दोघीच असाल, हाताला काही काम असेल, अशी वेळ निवडा. भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही. म्हणा, ‘परवाचं दृश्य मलाही बघवलं नाही. असं कुणी वागलं तर चूक मोठ्या माणसाची असते, मुलीची कधीच नसते. कुणीही असो, अगदी आपल्या घरातलं, तू मला सांगू शकतेस.’ आणि विषय सोडा. उत्तर त्याच दिवशी आलं पाहिजे असं नाही.

तिने काही सांगितलंच, तर पहिलं वाक्य ‘मी तुझ्यावर विश्वास ठेवते’ हे असू द्या. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हे तोंडातून निघू देऊ नका. बारीक तपशील खोदून विचारू नका, तिला तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागेल असं करू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही: मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्याऐवजी ‘पुढे जे करू ते तुला सांगूनच करू’ म्हणा. त्या माणसाला स्वतः जाब विचारायला जाऊ नका, आणि त्याचा मुलीशी संबंध येणार नाही अशी व्यवस्था त्याच दिवशी करा. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असं कायदाच सांगतो. हे आधीच माहीत असलं की पोलीस ठाण्याची भीती कमी होते. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करा.

भयंकर दृश्यं बघून माझा मुलगा हसतो. त्याला काही वाटतच नाही का? (वडील, पणजी)

मित्र शेजारी असताना हसत असेल तर ते बहुतेक वेळा भीती झाकणारं हसू असतं. ‘हसतोस काय?’ म्हणून खडसावलंत तर तो पुढच्या वेळी आणखी मोठ्याने हसेल. एकटा असताना तो काय करतो, रात्री झोपतो कसा, धाकट्या भावंडाशी आणि मुक्या जनावरांशी कसा वागतो, ते बघा. तिथे माया असेल तर काळजी नको. तिथेही दुसऱ्याला इजा करण्यात मजा घेत असेल तर समुपदेशकाला भेटा.

मुलगा अकरावीत, लातूरला होस्टेलवर राहतो. कोचिंग आणि परीक्षेच्या ताणावरच्या मालिका रात्री मोबाइलवर बघतो. लांबून आम्ही काय करणार? (आई, परभणी)

तोच भाग तुम्ही घरी बघा आणि रविवारच्या फोनवर त्याबद्दल बोला. फोनवर मार्कांचा प्रश्न पहिला असू नये. ‘तो पोरगा घरी फोन करायचं टाळतो, ते का रे?’ असा मालिकेतल्या मुलाबद्दलचा प्रश्न विचारला की स्वतःबद्दलचं उत्तर बऱ्याचदा मिळतं. स्वतःचं आयुष्य पडद्यावर बघून मुलाला बरंही वाटू शकतं, आपण एकटेच नाही हे कळतं. संकटातून वाट काढणारं पात्र असेल तर त्याचा आधार होतो. सगळे मार्ग बंद झाल्याचं दाखवून संपणारी गोष्ट मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको, हे त्याला मोकळेपणाने सांगा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री एकला मालिका आणि सहाला क्लास असं चाललं, तर नुसत्या जागरणानेच मन खचतं. ‘परत यायचं असेल तर ये, वर्ष गेलं तरी चालेल’ हे एकदा स्पष्ट शब्दांत बोला. ते मुलांना माहीत असेलच, असं आईवडील गृहीत धरतात आणि बहुतेक मुलांना ते माहीत नसतं.

आम्ही दोघंही नोकरी करतो. प्रत्येक मालिका आधी बघायला वेळ कुठून आणायचा? (आईवडील, पुणे)

सगळी बघू नका. पहिला भाग आणि शेवटचा भाग बघा, मधल्या भागांचा सारांश वाचा. शेवट कळला की गोष्ट कुठे नेऊन सोडते ते कळतं, आणि मुलाशी बोलायला तेवढं पुरतं. अवघड दृश्य कोणत्या भागात, साधारण कितव्या मिनिटाला आहे ते कागदावर टिपून ठेवा. दोघांपैकी एकाने बघितलं आणि दुसऱ्याला सांगितलं तरी चालेल. तेवढाही वेळ नसेल त्या आठवड्यात मुलाला ‘ही शनिवारी दुपारी एकत्र बघू’ म्हणा, आणि शनिवारी दुपारी खरंच बसा.